मिर्रा आंद्रेयेवा आणि रशियन टेनिसची दीडशे वर्षे

खेळाच्या इतिहासास इतिहास म्हणावे की नाही, याविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात अजूनही थोडी शंका दिसते. लढाया, तह, राज्यक्रांत्या, फार तर दुष्काळ व बाजारभाव, ही इतिहासाची खरी सामग्री; चेंडू आणि रॅकेट ही संध्याकाळच्या करमणुकीची साधने, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु करमणुकीच्या वेळी माणूस सावध नसतो, आणि जेथे तो सावध नसतो तेथे त्याचा काळ त्याच्यावर आपली खूण स्पष्टपणे उमटवून जातो. दरबारी कागदपत्रांत राजवटी आपल्याला दाखवावयाचे तेवढेच दाखवितात. खेळाच्या मैदानावर मात्र कोणास प्रवेश मिळाला, कोण हाकलला गेला, जिंकलेले पैसे कोणाच्या खिशात पडले, आणि खेळाडूच्या नावापुढे कोणते निशाण लागले, या साध्या प्रश्नांची उत्तरे पाहिली, तरी त्या देशाचे अंतरंग बरेचसे उघडे होते.

हा विचार मनात येण्यास निमित्त झाले ते एका मुलीच्या खेळाचे. ता. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबई येथे मिर्रा आंद्रेयेवा या रशियन मुलीने डेन्मार्कच्या क्लारा टाउसनचा पराभव करून स्पर्धा जिंकली. त्या दिवशी तिचे अठरावे वर्ष पुरे व्हावयास दोन महिन्यांहून थोडा अधिक अवधी होता. चार प्रमुख स्पर्धांच्या खालोखाल मोलाची जी स्पर्धांची वर्गवारी २००९ साली सुरू झाली, तिच्यातील स्पर्धा इतक्या लहान वयाच्या मुलीने तोपर्यंत जिंकली नव्हती. पुढे अवघ्या तीन आठवड्यांनी, ता. १६ मार्च रोजी, कॅलिफोर्नियातील इंडियन वेल्स येथे तिने उपान्त्य सामन्यात पोलंडच्या इगा श्व्यांतेकला आणि अंतिम सामन्यात त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या आर्यना साबालेंकाला हरविले. साबालेंकाने पहिला सेट ६–२ असा सहज घेतला होता. नंतरचे दोन ६–४, ६–३ असे आंद्रेयेवाने घेतले.

या अंतिम सामन्यात एक गोष्ट अशी होती की, जी आणखी पन्नास वर्षांनी एखाद्या इतिहासकारास थांबून विचार करावयास लावील. गुणफलकावर खेळाडूच्या नावाशेजारी त्याच्या देशाचे निशाण लावण्याचा प्रघात आहे. या सामन्यात दोघींच्याही नावाशेजारी निशाण नव्हते. साबालेंका बेलारूसची, आंद्रेयेवा रशियाची. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर या दोन्ही देशांच्या खेळाडूंना आपल्या देशाचे नाव व निशाण न लावता खेळावे लागत होते. ती रिकामी जागा कशी निर्माण झाली, हे समजून घ्यावयाचे तर दीडशे वर्षे मागे जावे लागते.

१

इंग्लंडमध्ये हिरवळीवरील टेनिसचे रूप १८७४ च्या सुमारास ठरले, आणि विंबल्डनची पहिली स्पर्धा १८७७ साली झाली. हा खेळ रशियात किती लवकर पोहोचला, याचा पुरावा एका कादंबरीत आहे. टॉलस्टॉयची ‘अ‍ॅना कॅरेनिना’ १८७५ ते १८७७ या काळात मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. तिच्या सहाव्या भागात व्ह्रॉन्स्कीच्या जहागिरीवर पाहुणेमंडळी लॉन टेनिस खेळतात असा प्रसंग आहे. डॉली ही अनेक मुलांची आई, संसाराने थकलेली, साधी स्त्री. तिलाही खेळावयास बोलावितात. पण तिला तो खेळ जमत नाही आणि रुचतही नाही. जवळ एकही मूल नसता मोठ्या माणसांनी मुलांसारखे खेळत राहावे, हे तिला काहीसे अस्वाभाविक वाटते, आणि घरी ठेवून आलेल्या आपल्या मुलांची तिला आठवण होते. डॉलीचा हा विचार वाचकांनी ध्यानात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे. टॉलस्टॉयने स्वतः मात्र साठी उलटल्यावर यास्नाया पोल्याना येथे हा खेळ मोठ्या आवडीने खेळल्याचे नमूद आहे. थोरांचे वागणे त्यांच्या पात्रांच्या मतांस नेहमीच बांधलेले असते असे नाही.

येणेप्रमाणे रशियात टेनिस आले ते जहागीरदारांच्या बागांतून आणि सेंट पीटर्सबर्गमधील इंग्रज व्यापाऱ्यांच्या क्लबांतून. १९०८ साली अखिल रशियातील टेनिस क्लबांचा संघ स्थापन झाला. त्याचा पहिला अध्यक्ष आर्थर मॅकफर्सन हा पीटर्सबर्गमध्येच जन्मलेला स्कॉटिश वंशाचा गृहस्थ होता. त्या काळचा सर्वोत्तम रशियन खेळाडू काउंट मिखाइल सुमारोकोव्ह-एल्स्टन हा १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये खेळला. झार निकोलस दुसरा स्वतः टेनिसचा शोकी होता.

१९१७ च्या क्रांतीने हा सारा डाव उधळला. मॅकफर्सनला नव्या राजवटीने अटक केली आणि १९१९ साली मॉस्कोच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. काउंट देशोधडीला लागून फ्रान्समध्ये गेला. व्लादिमिर नाबोकोव्ह हा पुढे जगप्रसिद्ध झालेला कादंबरीकार त्याच लाटेत बर्लिनला जाऊन पडला. तेथे पोटासाठी तो इंग्रजीच्या शिकवण्या करी आणि टेनिसचेही धडे देई. बापाच्या वाड्यात करमणूक म्हणून शिकलेली विद्या परदेशी उपजीविकेचे साधन व्हावी, हा त्या पिढीच्या नशिबाचा फेरा होता. परंतु रशियन माणूस, रॅकेट आणि परदेश यांचा जो संबंध त्या वेळी जुळला, तो पुढे वारंवार दिसावयाचा होता.

२

सोव्हिएत राजवटीच्या दृष्टीने टेनिस हा संशयित खेळ होता. फुटबॉल कारखान्याचा, बुद्धिबळ विचारवंतांचे, आणि पांढरे कपडे घालून हिरवळीवर खेळावयाचे टेनिस पदच्युत वर्गाचे. तथापि तो बंद पडला नाही. १९३० नंतरच्या दशकात प्रसिद्ध फ्रेंच खेळाडू आंरी कोशे यास बोलावून त्याच्याकडून सोव्हिएत खेळाडूंना शिकविण्यात आले. मात्र बाहेरच्या जगाशी सामना नव्हता. सोव्हिएत संघ आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेत आला तो १९५६ साली. विंबल्डनवर त्याचे खेळाडू प्रथम दिसले ते १९५८ साली, आणि त्याच वर्षी ॲना द्मित्रियेवा ही मुलींच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली. डेव्हिस चषकात सोव्हिएत संघ प्रथम १९६२ साली उतरला.

या काळातील दोन नावे महत्त्वाची आहेत. पहिले अलेक्स मेत्रेवेली. हा तिबिलिसीचा जॉर्जियन. १९७३ साली तो विंबल्डनच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चेकोस्लोव्हाकियाच्या यान कोदेशकडून हरला. त्या वर्षाची कथा मोठी विलक्षण आहे. युगोस्लाव्ह खेळाडू निकी पिलिच याच्यावर त्याच्या संघटनेने घातलेल्या बंदीच्या निषेधार्थ धंदेवाईक खेळाडूंच्या नव्या संघाने विंबल्डनवर बहिष्कार घातला होता, आणि ८१ खेळाडू आले नव्हते. म्हणजे भांडवलशाही देशांतील खेळाडू एकजूट करून संपावर गेले, आणि कामगारांचे राज्य म्हणविणाऱ्या देशाचा खेळाडू संपात सामील न होता अंतिम सामन्यापर्यंत गेला. इतिहासास विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे. (आपला विजय अमृतराज त्याच वर्षी उपांत्यपूर्व फेरीत याच कोदेशशी पाच सेटपर्यंत झुंजून हरला होता.)

दुसरे नाव ओल्गा मोरोझोवा हिचे. १९७४ साली ती पॅरिस आणि विंबल्डन या दोन्ही ठिकाणी एकेरीच्या अंतिम सामन्यात गेली; विंबल्डनवर तर तिने वाटेत बिली जीन किंगला हरविले. दोन्ही वेळा अखेर ख्रिस एव्हर्टने तिला थोपविले. परंतु या दोघांच्या बक्षिसांची रक्कम त्यांच्या हाती राहत नसे. ती सरकारी क्रीडासमितीकडे जमा व्हावयाची, आणि खेळाडूस मिळे तो प्रवासातील दैनिक भत्ता. रॅकेट धरणारा हात जणू सरकारी मालमत्ता होता.

हात सरकारचा म्हटल्यावर तो केव्हा उगारावयाचा आणि केव्हा खाली ठेवावयाचा, हेही सरकारच ठरविणार. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीच्या प्रश्नावर सोव्हिएत संघाने आपले खेळाडू परदेशी धाडणे आवरते घेतले. मोरोझोवाची कारकीर्द त्यातच आटोपली. त्याहून करुण कथा नताशा च्मिरेवा हिची. विंबल्डनवरील मुलींचे अजिंक्यपद तिने १९७५ व १९७६ असे दोन वर्षे लागोपाठ मिळविले होते. तिचे वय वाढू लागले, आणि जगाचे दरवाजे मिटू लागले. पुढे ती काय होऊ शकली असती याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. पण ज्या वयात आज आंद्रेयेवा आहे, त्याच वयात च्मिरेवाचीही सर्वत्र वाखाणणी होत होती, एवढे विसरू नये.

याच ठिकाणी आपल्या पुण्याचा या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध येतो. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या उपान्त्य लढतीत भारत आणि सोव्हिएत संघ यांची गाठ पुण्यात पडली. अमृतराज बंधूंच्या भारतीय संघाने ती लढत जिंकली आणि भारत अंतिम फेरीत गेला. अंतिम लढत होती दक्षिण आफ्रिकेशी. भारत सरकारने खेळण्यास नकार दिला, आणि तो चषक लढतीवाचून दक्षिण आफ्रिकेस गेला. भारतास डेव्हिस चषक आजवर मिळालेला नाही. इतक्या जवळून गेलेली संधी त्या वेळी आपण जाणून सोडली. तो निर्णय आम्हांस तेव्हाही योग्य होता असे वाटते आणि आजही वाटते. परंतु त्याची किंमत सरकारातील कोणी दिली नाही. ती तरुण खेळाडूंनी आपल्या उमेदीच्या वर्षांतून दिली, हे सांगितल्याशिवाय त्या निर्णयाचा गौरव पुरा होत नाही.

३

सोव्हिएत सरकारचे मन पालटले ते १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये टेनिस पुन्हा अधिकृत पदकाचा खेळ झाल्यामुळे. पदक म्हटल्यावर सरकारी शाळा, शिक्षक आणि पैसा यांचा ओघ या खेळाकडे वळला. परंतु तोवर राज्याची पकड ढिली होत आली होती. मिन्स्कची नतालिया झ्वेरेवा ही १९८८ साली पॅरिसच्या अंतिम सामन्यात श्टेफी ग्राफकडून ६–०, ६–० अशी हरली. तो पराभव पुष्कळांच्या लक्षात आहे. पण आमच्या मते तिची खरी ऐतिहासिक कामगिरी पुढल्या वर्षीची. १९८९ च्या एप्रिलात अमेरिकेतील हिल्टन हेड येथे अंतिम सामना हरल्यावर बक्षिसाचा धनादेश हाती घेऊन तिने दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर सांगून टाकले की, हे पैसे आपले आपल्याला ठेवावयाचे आहेत. ही मुलगी तेव्हा अठरा वर्षांचीही झाली नव्हती. बर्लिनची भिंत पडावयास अजून काही महिने होते. साम्राज्ये मोडतात तेव्हा त्यांच्या मोडण्याचा आवाज अशा किरकोळ जागीही ऐकू येतो.

१९९१ नंतर चित्र पालटले. राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांना टेनिसचे वेड होते, त्यामुळे जो खेळ एकेकाळी संशयित होता तो एकदम प्रतिष्ठित झाला. सोचीचा येव्गेनी काफेल्निकोव्ह याने १९९६ साली पॅरिस येथे एकेरीचे अजिंक्यपद मिळविले. असे पद मिळविणारा तो पहिला रशियन. मॉस्कोच्या मरात साफिनने २००० साली न्यूयॉर्कला पीट सँप्रासला तीन सरळ सेटांत हरविले. आणि २००४ हे तर स्त्रियांचे वर्ष ठरले. पॅरिसला अनास्तासिया मिस्किना, विंबल्डनला मारिया शारापोव्हा आणि न्यूयॉर्कला स्वेत्लाना कुझनेत्सोव्हा, अशी चारांपैकी तीन प्रमुख पदे तीन रशियन मुलींनी एकाच वर्षी नेली.

हे कसे घडले? रक्तात किंवा हवेत काही गुण असतो असे मानणारे बरेच लोक आहेत. पण इतिहासाच्या अभ्यासकाने इतक्या लवकर समाधान मानू नये. तीन कारणे स्पष्ट दिसतात. पहिले म्हणजे, सोव्हिएत राज्य गेले तरी त्याने तयार केलेले शिक्षक मागे राहिले. मॉस्कोच्या सोकोल्निकी भागातील ‘स्पार्ताक’ क्लबात छपराखालचे एकच कोर्ट होते. पण तेथे लारिसा प्रेओब्राझेन्स्काया नावाच्या वृद्ध बाई मुलांना शिकवीत. कुर्निकोव्हा ही त्यांचीच शिष्या. चेंडू न वापरता, संथपणे, रॅकेटचा प्रत्येक फेर शंभर वेळा घोटून घेण्याची त्यांची पद्धत होती. आपल्याकडे गवई आपल्या शिष्याकडून वर्षानुवर्षे एकाच रागाची सरगम घोटून घेतात, त्यातलाच हा प्रकार. साफिनची आईही याच क्लबात शिकवीत असे. दुसरे कारण, पैसा आता खेळाडूचा झाला. तिसरे आणि सर्वांत प्रभावी कारण, आईबापांची निकड. ज्या समाजात नोकरी, बचत आणि निवृत्तिवेतन ही सारी दोन-तीन वर्षांत मातीमोल झाली, तेथे मुलीच्या हातातील रॅकेट ही कुटुंबाची एकमेव ठेव वाटू लागली.

शारापोव्हाची हकीकत या तिसऱ्या कारणाचे धडधडीत उदाहरण आहे. तिचे आईबाप बेलारूसमधील गोमेलचे. १९८६ साली चेर्नोबिलचा अपघात झाल्यावर ते सैबेरियातील न्यागान येथे गेले, आणि १९८७ साली तेथे मुलगी जन्मली. पुढे कुटुंब सोचीला आले. तेथे तिला पहिली रॅकेट मिळाली ती काफेल्निकोव्हच्या वडिलांकडून. मॉस्कोत मार्तिना नवरातिलोव्हाने तिचा खेळ पाहून बापाचा उत्साह वाढविला, आणि १९९४ साली बाप सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन, खिशात सुमारे सातशे डॉलर टाकून, फ्लोरिडास गेला. प्रवासाचा परवाना न मिळाल्याने आई दोन वर्षे मागेच राहिली. दहा वर्षांनी, सतराव्या वर्षी, त्या मुलीने विंबल्डन जिंकले. या कथेचा शेवट गोड झाला म्हणून ती आपल्या कानांवर येते. अशाच रीतीने घरदार विकून निघालेले आणि कोठेही न पोहोचलेले बाप किती असतील, त्यांची नोंद कोणत्याही गुणफलकावर नाही.

४

आता मिर्रा आंद्रेयेवाच्या जन्मकथेकडे पाहिले म्हणजे ती या साऱ्या परंपरेची वारस कशी, हे उमगते. ता. २९ एप्रिल २००७ रोजी सैबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे ती जन्मली. २००५ साली साफिनने ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली, तो खेळ दूरचित्रवाणीवर पाहून तिच्या आईस टेनिसचे वेड लागले आणि आपल्या मुली हाच खेळ खेळतील असे तिने ठरविले, असे त्या कुटुंबात सांगतात. थोरली एरिका, धाकटी मिर्रा. कुटुंब सैबेरिया सोडून सोचीला आले, मग मॉस्कोला, आणि नंतर मुली फ्रान्समधील कान येथे शिकावयास गेल्या. न्यागानहून सोची, सोचीहून फ्लोरिडा. क्रास्नोयार्स्कहून सोची, मग कान. वाट जवळजवळ तीच.

२०२३ च्या जानेवारीत ती मेलबर्नला मुलींच्या अंतिम सामन्यात आपल्याच देशाच्या अलिना कोर्नेयेवाकडून तीन तासांहून अधिक चाललेल्या झुंजीत हरली. त्याच वर्षीच्या एप्रिलात माद्रिदला तिला खास प्रवेश मिळाला. तेव्हा तिचा क्रमांक १९४ होता. तिने एकामागून एक तीन नामांकित खेळाडूंना हरविले. तिसरा सामना तर तिच्या सोळाव्या वाढदिवशीच होता. त्या उन्हाळ्यात विंबल्डनवर पात्रता फेरीतून येऊन ती चौथ्या फेरीपर्यंत गेली. मॅडिसन कीजविरुद्ध एक सेट आणि दुसऱ्यात ४–१ अशी आघाडी तिच्या हाती होती. तेथून सामना निसटला. शेवटी, रॅकेट फेकली असे ठरवून पंचांनी तिचा एक गुण कापला. आपण घसरलो, फेकली नाही, असे तिचे म्हणणे. सोळा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत अशा वेळी जे उभे राहावयाचे ते राहिले.

२०२४ च्या जानेवारीत मेलबर्नला तिने आपली आवडती खेळाडू ओन्स जाबेर हिला ६–०, ६–२ असे हरविले, आणि पुढच्याच फेरीत फ्रान्सच्या डायान पारीविरुद्ध शेवटच्या सेटमध्ये १–५ अशी मागे असता सामना ओढून आणला. जूनमध्ये पॅरिसला साबालेंकाला हरवून ती उपान्त्य फेरीत गेली. १९९७ साली मार्तिना हिंगिसनंतर इतक्या लहान वयात प्रमुख स्पर्धेची ती फेरी कोणी गाठली नव्हती. त्या वसंतापासून स्पेनची कोंचिता मार्तिनेझ, १९९४ ची विंबल्डन-विजेती, तिची शिक्षिका झाली होती. तिच्या खेळात साबालेंकासारखा घणाघात नाही. चेंडू कोठे पडणार हे आधी ओळखणे, प्रतिस्पर्ध्याच्या जोराचाच उपयोग करणे, लांब फटक्यांच्या मालिकेत एकदम चेंडू जाळ्याजवळ हलकेच टाकणे, हे तिचे गुण. राग मात्र तिला चटकन येतो, आणि तो बहुधा स्वतःवरच येतो. २०२५ च्या जुलैत, वयाच्या अठराव्या वर्षी, ती जगात पाचव्या क्रमांकावर पोहोचली. त्याच वर्षी पॅरिसला एका खास प्रवेशाने आलेल्या फ्रेंच मुलीकडून, ल्वा ब्वासोंकडून, फ्रेंच प्रेक्षकांच्या गदारोळात ती हरली, हेही सांगितले पाहिजे. चढती कमान म्हणजे केवळ विजयांची यादी नव्हे.

या सर्व काळात तिच्या नावाशेजारची जागा रिकामी होती. २०२१ साली पुरुषांचा डेव्हिस चषक आणि स्त्रियांचा बिली जीन किंग चषक हे दोन्ही रशियाकडे होते. २०२२ च्या मार्चमध्ये त्या देशाचे सभासदत्व स्थगित झाले. २०२२ साली विंबल्डनने रशियन व बेलारूसी खेळाडूंना प्रवेशच नाकारला. दैवाचा खेळ असा की, त्याच वर्षी स्त्रियांचे अजिंक्यपद मिळविले ते मॉस्कोत जन्मलेल्या एलेना रिबाकिनाने. २०१८ साली कझाकस्तानच्या टेनिस संघटनेने पैशाचे साहाय्य देऊ केल्यावरून तिने राष्ट्रीयत्व बदलले होते. २०२३ साली तटस्थतेची लेखी हमी घेऊन रशियन खेळाडूंस पुन्हा प्रवेश मिळाला. सोळा वर्षांची आंद्रेयेवा विंबल्डनवर प्रथम उतरली ती याच वर्षी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने दियाना श्नाइडरबरोबर दुहेरीत रौप्यपदक मिळविले, ते ‘तटस्थ व्यक्ती’ म्हणून. देशांच्या पदकतक्त्यात ते धरले गेले नाही. २०२५ च्या मार्चमध्ये, युद्धाविरुद्ध उघड बोललेल्या दार्या कासात्किनाने रशिया सोडून ऑस्ट्रेलियातर्फे खेळावयाचे ठरविले.

येथे पुष्कळ वाचकांच्या मनात सहानुभूती उत्पन्न होईल आणि ती योग्यच आहे. युद्ध सुरू झाले तेव्हा ही मुलगी चौदा वर्षांची होती. तिने कोणास मत दिले नाही, कोणता हुकूम काढला नाही. परंतु न्यायाच्या तराजूत दुसरे पारडेही पाहावे लागते. याच युद्धाच्या पहिल्या दिवसांत ओदेसाची दायाना यास्त्रेम्स्का ही एकवीस वर्षांची खेळाडू आपल्या पंधरा वर्षांच्या धाकट्या बहिणीस, इव्हान्नाला, घेऊन डॅन्यूब ओलांडून रुमानियात गेली. आईबाप मागे राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत फ्रान्समधील लियों येथे ती खेळली, अंतिम सामन्यापर्यंत गेली, आणि तिच्या खांद्यांवर युक्रेनचे निशाण होते. दोन्हीकडे दोन बहिणी, दोन्हीकडे घर सोडणे. एकीच्या नावाशेजारी निशाण नाही. दुसरीजवळ निशाण होते, पण त्याखालचे घर राहील की नाही याची शाश्वती नव्हती. इंडियन वेल्स जिंकताना आंद्रेयेवाने उपांत्यपूर्व सामन्यात ओदेसाच्याच एलिना स्वितोलिनाला हरविले. सामना संपल्यावर दोघींनी हस्तांदोलन केले नाही. २०२२ पासून युक्रेनच्या खेळाडूंनी तसा नेम केला आहे. त्या न केलेल्या हस्तांदोलनास असभ्यता म्हणण्याचा अधिकार दूरच्या प्रेक्षकास नाही.

मग निशाण काढून घेणे योग्य की अयोग्य? १९७४ साली ज्या तत्त्वाने आपण अंतिम लढत सोडली, ते तत्त्व खरे असेल, तर राज्याच्या अपराधाची झळ खेळाला लागावी हे आपणांस मान्य आहे. मग आज केवळ खेळाडू लहान व गोड आहे म्हणून वेगळे माप लावता येत नाही. परंतु राज्याचे निशाण नाकारणे आणि माणसाचा खेळ नाकारणे यांत भेद आहे. विंबल्डनने २०२२ साली दुसरे केले, आणि एका वर्षात ते मागे घेतले. इतरांनी पहिले केले. आमच्या मते पहिला मार्ग अधिक न्याय्य. त्याने राज्यास आपल्या खेळाडूच्या यशावर मिरविता येत नाही, आणि मुलीस आपले वय वाया घालवावे लागत नाही. च्मिरेवाच्या वेळी नेमके उलट झाले होते: निशाण शाबूत होते, आणि खेळ गेला.

५

आता डॉलीकडे परत यावे. मुले नसता मोठ्यांनी मुलांचा खेळ खेळावा, हे तिला अस्वाभाविक वाटले. दीडशे वर्षांत गोष्ट उलटी झाली. आता मोठ्यांच्या धंद्यात मुले खेळतात. तेरा वर्षांची जेनिफर कॅप्रियाती १९९० साली धंदेवाईक झाली आणि तीन-चार वर्षांत कोलमडली. ते पाहूनच स्त्रियांच्या संघटनेने १९९५ पासून अठरा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धांच्या संख्येवर मर्यादा घातली. आंद्रेयेवा या नियमाखालीच वाढली. वर्षात किती स्पर्धा खेळावयाच्या याचा हिशेब तिला ठेवावा लागे, आणि मधल्या काळात शाळेचा अभ्यास दूरस्थ पद्धतीने करावा लागे. तरुण खेळाडूंस हा नियम जाचतो. पण तो नसता तर काय होते याचा दाखला समोर आहे.

इंडियन वेल्सच्या विजयाबद्दल तिला दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. ती मेत्रेवेलीसारखी सरकारात जमा झाली नाही, आणि झ्वेरेवासारखी ती मागावीही लागली नाही. चषक हाती घेताना तिने आईबाप, बहीण व शिक्षिका यांचे आभार मानले, आणि शेवटी हसत हसत स्वतःचेही मानले. आपण हार मानली नाही म्हणून. प्रेक्षकांस गंमत वाटली. काहींना तो आगाऊपणाही वाटला असेल. आम्हांस त्यात निराळे काही दिसले. जहागीरदाराचा खेळ वारसाने आलेला होता, मोरोझोवाचा राज्याच्या मालकीचा होता, शारापोव्हाचा बापाच्या सातशे डॉलरांवर उभा होता. हा खेळ माझा आहे, आणि त्याचे श्रेय थोडेसे माझे मलाही आहे, असे एका रशियन मुलीने चार लोकांत म्हणावयास दीडशे वर्षे लागली.

तिचे पुढे काय होईल, हे सांगणे इतिहासलेखकाचे काम नव्हे. गुडघा, मन आणि नशीब यांवर या खेळात फार अवलंबून असते. एवढे मात्र म्हणता येईल की, आजवर ज्यांनी तिच्या वाटेने प्रवास केला त्यांच्यापेक्षा तिच्याजवळ अधिक मोकळीक आहे, आणि आधार मात्र एकच कमी आहे. तो आधार परत मिळणे तिच्या हाती नाही. ते ज्यांच्या हाती आहे, त्यांच्यापैकी कोणीही हातात रॅकेट घेऊन उभा नाही.